प्रकाशाचा पीळ : एका वाटेवरून अनेक संदेश

लेसरच्या साध्या शलाकेतील तरंगाग्रे एकामागे एक रचलेल्या सपाट चकत्यांसारखी पुढे सरकतात. पिळाच्या शलाकेत अशा चकत्या नसतात. तिथे तरंगाग्र मळसूत्राच्या आट्यांप्रमाणे अक्षाभोवती फिरत पुढे जाते. शलाकेभोवती एक फेरी पूर्ण केली की तरंगाची कला, म्हणजे चढउताराच्या आवर्तनातील त्याचे स्थान, पूर्ण एक आवर्तन पुढे गेलेली असते. पीळ दुहेरी असेल तर दोन आवर्तने, तिहेरी असेल तर तीन. पीळ उजवा असतो तसा डावाही असतो, म्हणून त्याचा अंक धन किंवा ऋण धरतात. अगदी अक्षावर सगळ्या कला एका बिंदूत येऊन एकमेकींना पुसून टाकतात. त्यामुळे अशी शलाका भिंतीवर पाडली तर भरीव ठिपका उमटत नाही. बांगडीसारखे तेजस्वी कडे दिसते आणि मधोमध काळोख असतो.

संदेशवहनाच्या दृष्टीने महत्त्वाचा गुण पुढचा आहे. एकाच रंगाच्या, एकाच अक्षावरच्या, पण वेगवेगळ्या पिळाच्या शलाका एकत्र सोडल्या तर मोकळ्या जागेत त्या आपापला पीळ टिकवून राहतात आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा वेगळ्या काढता येतात. प्रत्येक पिळावर स्वतंत्र माहिती चढवली, तर एक वाट अनेक वाटांचे काम करते. हे तत्त्व ऐकायला सोपे वाटते, परंतु त्याचे धागे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कारणांसाठी कातले गेले. ते एकत्र यायला विसावे शतक जवळजवळ सरले.

प्रकाश वस्तूला ढकलतो, हे मॅक्सवेलच्या सिद्धांतातून एकोणिसाव्या शतकातच निघाले होते. तो वस्तूला फिरवूही शकेल, असे १९०९ मध्ये इंग्लंडमधील जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी सुचवले. त्यांनी दाखला घेतला तो कारखान्यातल्या फिरत्या दांड्याचा. लांब दांड्याचे एक टोक फिरवले की पीळ दांड्यातून पुढे सरकतो आणि दुसऱ्या टोकाला काम करतो. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशातही विद्युतक्षेत्राची दिशा तशीच फिरत असते, तेव्हा त्यानेही कोनीय संवेग वाहून न्यायला हवा. हा परिणाम इतका सूक्ष्म असणार की तो मोजणे दुरापास्त आहे, अशी त्यांची समजूत होती.

भारताचा एक महत्त्वाचा दुवा याच टप्प्यावर आहे. १९३१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन आणि सूरी भगवंतम् यांनी कोलकात्यातून प्रसिद्ध केलेल्या निबंधात विकिरित प्रकाशाच्या ध्रुवणाचे मापन करून फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, स्वतःची फिरकी असते, असा निष्कर्ष मांडला. प्रत्यक्ष यांत्रिक पुरावा पाच वर्षांनी आला. प्रिन्स्टनमध्ये रिचर्ड बेथ यांनी क्वार्ट्झच्या अत्यंत बारीक धाग्याला क्वार्ट्झचीच चकती टांगली आणि तिच्यातून ध्रुवित प्रकाश सोडला. वरच्या बाजूला स्थिर आरसा व दुसरी चकती ठेवून त्यांनी तोच प्रकाश पुन्हा खाली आणला. त्यामुळे टांगलेल्या चकतीला दोनदा पीळ मिळाला आणि धाग्याचे वळणे मोजता आले. त्याच १९३६ साली ऑक्सफर्डमध्ये होलबोर्न यांनीही असाच प्रयोग केला. पॉइंटिंग यांना अशक्यप्राय वाटलेले मापन सत्तावीस वर्षांत झाले होते.

मात्र ही फिरकी आणि शलाकेचा पीळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फिरकी ध्रुवणाशी बांधलेली असते आणि तिच्या दोनच जाती आहेत, उजवी आणि डावी. संदेश पाठवायचे तर तिच्यावर दोनच वाटा मिळतात, आणि त्या दोन्ही आजच्या प्रकाशीय जाळ्यांत वापरून झालेल्या आहेत. पीळ हा तरंगाग्राच्या आकाराचा गुण आहे. त्याच्या अंकाला तत्त्वतः कमाल मर्यादा नाही. पुढच्या सगळ्या आशा, आणि सगळे वादही, या ‘तत्त्वतः’ शब्दाभोवती फिरत राहिले.

पिळाकडे नेणारी दुसरी वाट अंटार्क्टिकाच्या बर्फातून आली. बर्फाच्या थरांची जाडी मोजण्यासाठी विमानातून रेडिओ तरंग खाली सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपले जात. खडबडीत तळावरून परतणाऱ्या लहरी समजून घ्यायला ब्रिस्टल येथील जॉन नाय यांनी प्रयोगशाळेत ध्वनितरंगांवर तशीच मांडणी केली. त्या लहरींमध्ये काही जागा अशा सापडल्या की जिथे तरंगाची उंची शून्य होती आणि त्यांच्याभोवती कला गोल फिरत होती. स्फटिकांतील अणूंच्या ओळी कुठे कुठे अचानक तुटतात, त्या दोषांशी या जागांचे नाते नाय आणि मायकेल बेरी यांनी १९७४ च्या निबंधात मांडले. त्यात एक प्रकार मळसूत्री दोषाचा होता. पिळाच्या शलाकेच्या मधला काळोख म्हणजे हाच दोष, सरळ रेषेत ताणलेला.

असा पीळ मुद्दाम घडवायचा कसा, याचे सर्वांत सुबक उत्तर कीव्हमधून आले. सपाट तरंग आणि मळसूत्री तरंग एकमेकांवर पडले की जे पट्टे उमटतात, ते बहुतेक ठिकाणी सरळ असतात. फक्त मधोमध एका पट्ट्याचे दोन होतात, काट्याला दाते फुटावेत तसे. १९९० मध्ये बाझेनोव्ह, वासनेत्सोव्ह आणि सॉस्किन यांनी हीच नक्षी जालकावर, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीवर, उतरवली आणि तिच्यातून साधी लेसर शलाका सोडली. बाहेर पडलेल्या बाजूच्या शलाका पिळाच्या होत्या. नक्षीत एक दाता जास्त असला तर एक पीळ, दोन असले तर दोन. इतक्या साध्या युक्तीने पीळ ही प्रयोगशाळेतली रोजची वस्तू झाली. पुढे द्रवस्फटिकांच्या पडद्यावर संगणकातून नक्षी उमटवता येऊ लागली आणि जालक बदलण्याऐवजी चित्र बदलले की पीळ बदलू लागला. वर्गखोलीतल्या प्रक्षेपकात असतात त्याच जातीचे हे पडदे.

१९९२ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे लेस अॅलन, बायर्सबर्गन, स्प्रेव आणि वुर्डमन यांनी या शलाकांचा भौतिक अर्थ उलगडला. कड्याच्या आकाराच्या लॅग्येर-गाऊस शलाका लेसरच्या अभ्यासकांना १९६० च्या दशकापासून ठाऊक होत्या; पाठ्यपुस्तकांत त्यांची सूत्रेही होती. त्या सूत्रांतल्या एका पूर्णांकाचा अर्थ प्रत्येक फोटॉनने वाहिलेला कक्षीय कोनीय संवेग असा आहे, हे लायडनच्या निबंधाने दाखवले. पीळ तीन असेल तर प्रत्येक फोटॉनपाशी एककाच्या तिप्पट संवेग, दहा असेल तर दहापट. एकक म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय. बेथ यांच्या टांगलेल्या चकतीच्या जागी दंडगोल भिंगे टांगून तसाच प्रयोग करता येईल, असेही त्यांनी सुचवले. समोर असलेली गोष्ट तीस वर्षे कुणाच्या लक्षात आली नाही, याचे एक कारण असे दिसते की लेसरचा धंदा तेव्हा स्वच्छ भरीव ठिपक्याच्या मागे होता. कडे दिसले की यंत्र बिघडले, अशी समजूत होती.

तीन वर्षांनी ब्रिस्बेन येथे पिळाच्या शलाकेने सूक्ष्मदर्शकाखालचे गडद कण प्रत्यक्ष फिरवले. २००१ मध्ये व्हिएन्नात अँटोन झायलिंगर यांच्या गटाने दोन फोटॉनांचे पीळ परस्परांत गुंतवून दाखवले. क्वांटमच्या अभ्यासकांना पीळ आवडला, कारण एका फोटॉनवर ‘हो’ आणि ‘नाही’ यांपेक्षा जास्त काही लिहिता येत होते.

याच सुमारास दूरसंचाराच्या जगात वेगळी निकड वाढत होती. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी शुद्ध काचेच्या तंतूतून संदेश दूर नेता येतील असे दाखवले. त्यांनी ठरवलेली हद्द किलोमीटरला २० डेसिबल घट अशी होती, म्हणजे किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी पुरे. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ती ओलांडली. १९८८ मध्ये अटलांटिकखालून पहिली काचतंतूची तार गेली. १९९० च्या दशकात एकाच तंतूतून डझनावारी रंग सोडण्याची पद्धत रूढ झाली. नंतर दोन्ही ध्रुवणे, तरंगाची उंची आणि कला हे सगळे माहिती लिहायला कामी आले. प्रकाशाचा एकेक गुण असा खर्ची पडत गेला. २०११ मध्ये एका गाभ्याच्या एका तंतूतून सेकंदाला १०० टेराबिटपेक्षा जास्त माहिती नेऊन दाखवण्यात आली, आणि भिंतही तिथेच दिसू लागली. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सिद्धांताप्रमाणे माहिती वाढवायची तर नॉइजच्या तुलनेत शक्ती वाढवायला हवी. पण काचेत शक्ती वाढवली की काचेचा अपवर्तनांकच प्रकाशाच्या तीव्रतेनुसार बदलतो आणि संदेश स्वतःला व शेजाऱ्याला बिघडवतो. न वापरलेला गुण एकच उरला होता, तो म्हणजे जागा. शलाकेच्या आडव्या छेदातला प्रकाशाचा आकार. पीळ हा त्या आकारांतला एक घराणेदार आकार होता.

ग्लासगो येथे २००४ मध्ये झालेला पहिला ठळक प्रयोग मात्र क्षमतेपेक्षा गुप्ततेच्या ओढीने झाला. ग्रॅहॅम गिब्सन, माइल्स पॅजेट आणि सहकाऱ्यांनी आठ पीळ-अवस्था वर्णमालेसारख्या वापरून मोकळ्या हवेतून माहिती पाठवली. जालकांच्या विद्येत मुरलेले कीव्हचे वासनेत्सोव्ह या गटात होते. शलाकेच्या वाटेवरून बाजूला विखुरलेला थोडासा प्रकाश चोरून टिपला तर त्यावरून पीळ ओळखता येत नाही, कारण पीळ हा संपूर्ण कड्याचा गुण आहे, त्याच्या एखाद्या तुकड्याचा नाही. हा मुद्दा त्यांनी पुढे केला.

इथे दोन पद्धतींतला फरक लक्षात घ्यावा लागतो. लोकप्रिय लेखनात तो बहुधा हरवतो. आठ पीळ वर्णमालेसारखे वापरले, म्हणजे एका वेळी आठांपैकी एक पाठवला, तर प्रत्येक स्पंदामागे तीन बिट मिळतात. पिळांची संख्या दुप्पट करून सोळा केली तरी एकच बिट वाढतो. तेच आठ पीळ आठ समांतर वाटा म्हणून एकाच वेळी वापरले तर क्षमता थेट आठपट होते. क्षमतेची मोठी स्वप्ने या दुसऱ्या पद्धतीची होती.

दुसऱ्या पद्धतीत खरी अडचण शलाका वेगळ्या काढण्याची असते. काट्याच्या जालकाने एका वेळी एकच पीळ तपासता येतो. बाकीचा प्रकाश वाया जातो. २०१० मध्ये बर्खआउट, लॅव्हरी, कोर्शिअल, बायर्सबर्गन आणि पॅजेट यांनी देखणा तोडगा काढला. खास घडवलेल्या पृष्ठभागाने कडे एका ठिकाणी कापून सरळ पट्टीत उलगडायचे. कड्याभोवती फिरणारी कला पट्टीत आली की ती एका बाजूने चढत जाणारा उतार बनते. पीळ जितका जास्त तितका उतार तीव्र. उताराच्या तरंगाला साधे भिंग ज्या जागी एकवटते ती जागा उतारावर ठरते. अशा रीतीने प्रत्येक पीळ आपल्या खणात जाऊन पडतो आणि प्रकाश फारसा वाया जात नाही.

२०१२ मध्ये लॉस एंजलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील अॅलन विल्नर यांच्या गटाचा निबंध आला आणि पीळ वृत्तपत्रांत पोहोचला. जिआन वांग हे त्याचे पहिले लेखक. चार पीळ, प्रत्येकावर दोन ध्रुवणे आणि प्रत्येक वाटेवर सेकंदाला १७१.२ गिगाबिट, मिळून १.३७ टेराबिट. दुसऱ्या मांडणीत एकात एक बसवलेली कड्यांची दोन वर्तुळे वापरून त्यांनी २.५६ टेराबिट गाठले. दोन वर्षांनी बारा पीळ, दोन ध्रुवणे आणि बेचाळीस रंग यांची जोड देऊन १००.८ टेराबिटचा आकडा मांडला गेला. हे सगळे प्रयोगशाळेतल्या टेबलावर, जवळच्या अंतरावर झाले. आकडे मोठे आणि अंतर लहान, ही त्या काळातल्या पिळाच्या प्रयोगांची सर्वसाधारण स्थिती होती.

व्हेनिसमध्ये २०११ च्या जूनमध्ये झालेला प्रयोग रेडिओ तरंगांवरचा होता. फाब्रित्सिओ तांबुरिनी आणि स्वीडनचे बो तिदे यांच्या गटाने सॅन जॉर्जो बेटावरील दीपगृहापासून डॉजच्या महालापर्यंत, ४४२ मीटर पाण्यावरून, एकाच वारंवारतेवर एक साधा आणि एक पिळाचा असे दोन संदेश पाठवले. एकाच वारंवारतेवर हवे तितके मार्ग उघडले, अशी बातमी पसरली. दूरसंचाराच्या अभियंत्यांचा आक्षेप लगेच आला. अनेक अँटेना लावून एकाच वारंवारतेवर अनेक संदेश नेण्याची रीत त्यांच्याकडे आधीपासून होती. पिळाचा प्रयोग हा तिचाच विशेष प्रकार आहे, असे त्यांनी गणिताने दाखवले. हा आक्षेप मत्सरातून आलेला नव्हता. तो बरोबर होता, आणि त्याने पुढच्या दशकाची चर्चा शहाणी केली.

काचतंतूत पीळ टिकवणे हवेपेक्षा अवघड होते. नेहमीच्या तंतूत जवळजवळ सारख्या वेगाचे प्रकाशाकार एकमेकांत मिसळतात. तंतू किंचित वाकला किंवा दाबला गेला तरी पीळ विरतो. बॉस्टन विद्यापीठातील सिद्धार्थ रामचंद्रन यांच्या गटाने यासाठी वेगळा तंतू वापरला. त्याच्या गाभ्याभोवती जास्त अपवर्तनांकाचे कडे होते, पिळाच्या कड्याला साजेसे. त्यामुळे शेजारच्या आकारांच्या वेगांत पुरेसा फरक पडला आणि मिसळणे आटोक्यात आले. २०१३ मध्ये नेनाद बोझिनोव्हिच, रामचंद्रन, विल्नर आणि सहकाऱ्यांनी अशा १.१ किलोमीटर तंतूतून एका रंगावर चार वाटांनी ४०० गिगाबिट आणि दहा रंगांवर दोन पिळांनी १.६ टेराबिट माहिती नेली. टेबलावरच्या आरशांपासून काचेच्या आत जाण्याचा हा टप्पा पिळाच्या इतिहासातला सर्वांत भरीव मानायला हवा, कारण दूरसंचाराचा मुख्य भार काचच वाहते.

मोकळ्या हवेत शत्रू दुसराच होता. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दृश्य थरथरते, तसे हवेचे गरम-थंड कप्पे तरंगाग्र वेडेवाकडे करतात. कला बिघडली की एका पिळातला प्रकाश शेजारच्या पिळांत सांडतो. कार्ल पॅटरसन यांनी २००५ मध्येच याचे गणित मांडले होते. तरी पिळाचा ठसा वाटला त्यापेक्षा चिवट निघाला. २०१४ मध्ये मारिओ क्रेन, झायलिंगर आणि सहकाऱ्यांनी व्हिएन्ना शहरावरून ३ किलोमीटर हिरवी शलाका सोडली. उजवा व डावा पीळ एकत्र केला की कड्याच्या जागी पाकळ्यांची नक्षी दिसते. अशा सोळा नक्ष्यांची वर्णमाला करून त्यांनी मोझार्ट, बोल्ट्झमन आणि श्रोडिंगर यांची चित्रे पाठवली. पलीकडे पडद्यावर पडलेली नक्षी कॅमेऱ्याने टिपून संगणकाच्या शिकवलेल्या जाळ्याने ओळखली. नंतर याच गटाने कॅनरी बेटांतील ला पाल्मा आणि तेनेरिफे यांच्यामधले १४३ किलोमीटर समुद्रावरून पार केले. क्षमतेच्या हिशेबात हे प्रयोग किरकोळ आहेत. नक्षी दूरवर ओळखू येते, इतकेच ते सिद्ध करतात. २०१७ मध्ये मार्टिन लॅव्हरी आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतील एरलांगेन शहरात १.६ किलोमीटरवर केलेली मोजणी जास्त कठोर होती. शहरी हवेत केवळ कला बिघडत नाही, प्रकाशाची तीव्रताही कड्यावर असमान होते, असे त्यातून दिसले.

तोवर क्षमतेच्या मूळ दाव्याचाही निकाल लागला होता. पिळाची शलाका जसजशी पुढे जाते तसतसे तिचे कडे पसरते, आणि पीळ जास्त असेल तर जास्त पसरते. पलीकडची दुर्बीण ठरावीक मापाची असते, म्हणून कोणत्याही जोडणीत वापरता येणाऱ्या पिळांची संख्या मर्यादितच राहते. २०१५ मध्ये जोसेफ काह्न, गुइफांग ली आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की तेवढ्याच भिंगांतून तेवढ्याच अंतरावर केवळ पिळांचा संच वापरला तर सर्व आडव्या आकारांच्या पूर्ण संचापेक्षा कमी वाटा मिळतात. कारणही उघड आहे. कड्याच्या आकाराला दोन अंक लागतात, एक फिरण्याचा आणि एक केंद्राकडून परिघाकडे जाताना पडणाऱ्या वलयांचा. केवळ पीळ मोजला तर दुसरा अंक वाया जातो. ‘अमर्याद नवी वाट’ ही भाषा यानंतर टिकण्यासारखी नव्हती.

पीळ तरीही अडगळीत गेला नाही. गोल भिंग, गोल दुर्बीण, गोल गाभ्याचा तंतू यांच्याशी त्याचे नैसर्गिक जमते, आणि शेजारच्या वाटा वेगळ्या करायला गणकाला कमी काम लागते. ब्रिस्टलच्या गटाने २०१२ मध्ये सिलिकॉनच्या चिपवर, केसाच्या जाडीपेक्षा लहान कड्यांतून, पिळाच्या शलाका काढून दाखवल्या. जपानच्या एनटीटी कंपनीने २०१८ मध्ये २८ गिगाहर्ट्झच्या रेडिओ तरंगांवर १० मीटर अंतरावर सेकंदाला १०० गिगाबिट माहिती नेली; त्यात पीळ आणि अनेक अँटेनांची जुनी रीत जोडीने वापरली होती. व्हेनिसच्या प्रयोगानंतर ज्यांवरून वाद झाला, त्या दोन्ही पद्धती इथे एकाच यंत्रात बसल्या. समुद्राखालच्या नव्या तारांमध्ये जागा वाढवण्यासाठी आज मुख्यतः तंतूंच्या जोड्या वाढवतात आणि एका तंतूत अनेक गाभे बसवतात. कड्याच्या गाभ्याचे पीळ-तंतू अजून प्रामुख्याने प्रयोगशाळांत आणि लहान अंतराच्या चाचण्यांत आहेत.